कार्डाचा पालट

त्या रविवारी वहिनीने चहाच्या ट्रेमध्ये, बिस्किटांच्या बशीखाली, एक चकचकीत कागद सरकवून आणला आणि पाच मिनिटांत घरात पालट बसला.

वास्तविक तिचा बेत अगदी साधा होता. अप्पा बिस्किट उचलणार, कागद दिसणार, ते विचारणार, ‘हे काय गं?’ आणि ती म्हणणार, ‘काही नाही हो, फोन कंपनीचं कार्ड आहे, बिलावर थोडे परत मिळतात.’ मग अप्पा ‘बरं’ म्हणणार. सासरे म्हणून अप्पांमध्ये खोडी पुष्कळ, पण ‘बरं’ म्हणण्यात त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही. सगळं जमून आलं असतं. पण बशी उचलली साहेबने.

साहेब म्हणजे वहिनीची नणंद. सहाव्या वर्षी तिने अप्पांच्या खिशातल्या पावत्या मोजून ‘दोन कमी आहेत’ असं जाहीर केलं, तेव्हापासून घरात तिला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारलेली नाही. आता ती विमा कंपनीत दावे तपासते. गाडी झाडावर आदळली की झाडाजवळ नेऊन ठेवली, हे फोटो बघून सांगते. लग्न होऊन तीन गल्ल्या पलीकडे गेली, पण रविवारचा चहा माहेरी, आणि फोनचा नंबरही अजून माहेरच्याच बिलात.

“वार्षिक फी,” साहेब म्हणाली. कागदावर हसरं कुटुंब होतं, सोनेरी फुगे होते, पण हिची नजर थेट तळाच्या मुंगीएवढ्या अक्षरांवर.

“बिस्किट घे ना,” वहिनी म्हणाली.

“घेते. बाराशे.”

“कसले बाराशे?” अप्पांनी कान टवकारले.

“फोन कंपनीचं क्रेडिट कार्ड आहे, अप्पा,” वहिनी घाईने म्हणाली. “आपल्या सहाही नंबरांचं बिल एकत्र येतं ना, म्हणून त्यांनी आपल्याला पत्र पाठवलंय. बिल त्या कार्डावर भरलं की पाच टक्क्यांचे पॉइंट मिळतात.”

“आणि वर चार हजार पॉइंट, नुसतं कार्ड काढल्याबद्दल!” धाकटा दीर खुर्चीतून अर्धा उठला. तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो. दिवसभर शिकाऊ लोकांशेजारी बसून त्याला अशी सवय लागलीय की कोणी काही जोखमीचं बोललं की त्याचा उजवा पाय जमिनीवर ब्रेक दाबतो. आज मात्र पाय मोकळा होता. “आई, नवा फोन येईल त्यात!”

“आहे त्याला काय धाड भरलीय?”

“तडा गेलाय.”

“माझ्या कमरेलाही गेलाय. मी बदलून मागते का?”

थोरल्याने, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याने, कपाआडून एवढंच म्हटलं, “नको. नसती भानगड.” खुर्च्या-सोफे मढवणारा माणूस. तोंडात कायम बारीक खिळे धरायची सवय, त्यामुळे सुट्टीच्या दिवशीही ओठ फारसे उघडत नाहीत.

साहेब वाचतच होती. “कार्ड फक्त मुख्य खातेदारालाच मिळतं. खातेदार म्हणजे अप्पा. आणि वयाची अट पासष्ट.”

“म्हणजे मी बाद?” चौऱ्याहत्तर वर्षांचे अप्पा हसले. 

“म्हणजे आधी खातं कोणाच्या तरी नावावर करायचं. मग कार्ड.”

या घरात खालच्या कारखान्याची पाटी अप्पांच्या नावावर, वीज अप्पांच्या नावावर, पाणी, घरपट्टी, फोन, सगळं अप्पांच्या नावावर. काका वेगळे झाले तेव्हापासून ‘नावावर’ हा शब्द जेवणाच्या टेबलावर कोणी काढलेला नव्हता.

“कोणाच्या नावावर?” धाकट्याने विचारलं. त्याचा पाय खटकन खाली गेला.

थोरल्याने कप ठेवला. त्याला आपलं नाव अपेक्षित होतं असंही नाही, पण दुसरं कोणतं येईल असंही त्याला कधी वाटलं नव्हतं.

“माझ्या,” वहिनी म्हणाली. आणि लगेच, “म्हणजे, बिल मीच भरते ना दर महिन्याला, म्हणून आपलं सोयीचं.”

“माझा विरोध,” साहेब म्हणाली.

“माझाही,” थोरला म्हणाला. बायकोकडे न बघता.

अप्पांनी चहा संपवला, कप उपडा केला आणि उठले. “खाली चला. पालट.”

*

पालट ही या घराची जुनी खोड आहे. अप्पा आणि काका तरणेबांड होते तेव्हा दोघांत वाद पेटला होता, खुर्चीत काथ्या भरायचा की फोम. सतरा दिवस भाऊ भावाशी बोलला नाही. हातोडी हवी असली तर गिऱ्हाइकाच्या हातून मागवायचे. शेवटी त्यांच्या आईने हात टेकले आणि दोघांना समोरासमोर बसवलं. फोमवाल्याने काथ्याची बाजू मांडायची, काथ्यावाल्याने फोमची. अर्ध्या तासात दोघे असे पोटतिडकीने बोलायला लागले की कोणाला मुळात काय हवं होतं तेच विसरले. खाली काथ्या, वर फोम असं ठरलं, आणि त्या ठरावावर कारखाना चाळीस वर्षं चालला.

तेव्हापासून नियम पक्का. ज्याला वस्तू हवी, त्याने विरोधात बोलायचं. ज्याला नको, त्याने बाजूने. बोलायचं ते मनापासून, उरकल्यासारखं नाही. आणि आपल्या खऱ्या बाजूचा इशारा शब्दाने, उसाशाने, डोळ्याने, कशानेही करायचा नाही. केला, तर तो विषय वर्षभर बंद. निकाल घरातल्या सगळ्यात थोरल्या बाईचा. म्हणजे आता आईंचा.

फक्त एकदाच पालट बसला नव्हता. काकांनी वेगळं दुकान काढलं तेव्हा. ते थेट नवं कुलूप खिशात घालूनच बोलायला आले होते. त्यानंतर चार महिने अप्पांनी पाटीवरची अर्धी जागा कोरी ठेवली, कोणाला रंगवू दिली नाही. तेव्हापासून ‘वेगळं’ हा शब्द या घरात उलट्या खिळ्यासारखा आहे, कोणी त्यावर बसत नाही.

खाली कारखाना बंद होता. रविवार असल्याने गिऱ्हाइकांच्या खुर्च्या तशाच रांगेत होत्या, आणि त्यांच्यावर बसायला कोणाची ना नव्हती, कारण बसून बघितल्याशिवाय खुर्ची परत द्यायची नाही ही अप्पांची शिस्त. धाकटा नाट्यगृहाच्या दोन जोडखुर्च्यांवर पसरला. साहेबने दाताच्या डॉक्टरचा बाक घेतला. आई न्हाव्याच्या खुर्चीवर बसल्या आणि थोरल्याने दांडा दाबून त्यांना वर केलं.

“अजून थोडं,” आई म्हणाल्या. “न्यायाधीश दिसायला नको?”

वहिनी कोपऱ्यात आपल्या टेबलापाशी बसली. त्या टेबलावर तारांचे सांगाडे होते, गोल, चौकोनी, घंटेच्या आकाराचे. उरलेल्या कापडाच्या तुकड्यांतून ती दिव्यांच्या शेड करते. घरात सगळे त्याला वहिनीची हौस म्हणतात. ती हौस या वर्षी त्रेपन्न घरांत लागलीय, हे फक्त तिला माहीत होतं.

आणि आणखी एक गोष्ट फक्त तिला माहीत होती. बसथांब्यासमोर एक चष्मेवाली आहे, तिला दुकानाचा पुढचा अर्धा गाळा भाड्याने द्यायचाय. वहिनीने तिथे चष्मा करायला टाकला आणि बोलता बोलता गाळाच बघून आली. मग बँकेत गेली. यंत्रसामग्रीसाठी थोडं कर्ज हवं होतं. बँकेतला माणूस भला होता, त्याने संगणकाचा पडदाच तिच्याकडे वळवला. “ताई, तुमचं नाव टाकलं की काहीच येत नाही बघा. बिल नाही, कार्ड नाही, हप्ता नाही.” बेचाळीस वर्षांची बाई. बारा वर्षं सहा माणसांची बिलं तारखेच्या आत भरलेली. आणि पडदा कोरा. तिला तिथल्या तिथे रडू आलं असतं, पण मागे रांग होती. “फोनचं खातं आणि एखादं कार्ड स्वतःच्या नावावर करा, सहा महिने वेळेवर भरा, मग या,” तो म्हणाला. चष्मेवाली सहा महिने थांबायला तयार झाली. पुढे नाही.

म्हणून हे कार्ड. घरात सांगायचा धीर झाला नव्हता, कारण सांगायचं तर ‘वेगळं’ म्हणावं लागलं असतं. आणि आता पालटात तर खरं कारण तोंडातून काढायचीच चोरी.

“चल पोरी,” अप्पा म्हणाले. “तुला हवंय. बोल विरोधात.”

वहिनी उठली. मन लावून बोलायचं नाही, उरकून टाकायचं, असा विचार एक क्षण तिच्या मनात आला. पण अठरा वर्षं या घरात काढलेल्या बाईला पालटात लबाडी जमत नाही.

“पाच टक्के म्हणतात,” ती म्हणाली. “आपलं बिल महिन्याला तीन हजार. पाच टक्के म्हणजे दीडशे. पण खाली बारीक लिहिलंय, महिन्याला जास्तीत जास्त शंभर. म्हणजे वर्षाचे किती?”

“बाराशे,” धाकटा म्हणाला.

“आणि फी?”

“अरे देवा,” धाकटा म्हणाला.

अप्पा खो खो हसले. “वर्षभर पळायचं आणि पुन्हा आपल्याच दारात!”

“पॉइंट दोन वर्षांत बुडतात. एक दिवस उशीर झाला तर व्याज असं की डोळे पांढरे होतील. आणि आता बिल सरळ बँकेतून जातं म्हणून महिन्याला पन्नासची सूट आहे, ती कार्डावर भरलं की बंद. म्हणजे फायदा शून्य आणि वर सहाशेचा खड्डा.” बोलताना तिचा आवाज चढत गेला. तिला स्वतःचाच राग आला, इतकं छान जमत होतं.

“आता तू,” अप्पांनी धाकट्याकडे बोट केलं. “तुलाही हवंय.”

धाकट्याने नाट्यगृहाच्या खुर्चीतून जड अंतःकरणाने सुरुवात केली. “चार हजार पॉइंट मिळायला तीन महिन्यांत तीस हजार खर्च करावे लागतात. आणि ते चालतात फक्त त्यांच्याच दुकानात.” तो थांबला. “मी तिथे जाऊन विचारून आलोय. एखाद्याचा ज्या फोनवर डोळा आहे, समजा, काळा, तीन कॅमेऱ्यांचा, तो त्यात येत नाही. त्याचं कव्हर येतं.”

“नुसतं कव्हर?” आई वरून म्हणाल्या.

“आणि काच पुसायचं फडकं.”

आईंना इतकं हसू आलं की खुर्ची अर्धी फिरली. थोरल्याने ती धरून सरळ केली.

*

थोरल्यावर पाळी आली तेव्हा त्याला वाटलं, याच्यापेक्षा चाळीस खुर्च्या मढवायला सांगितल्या असत्या तर बरं. त्याला कार्ड नको होतं, म्हणून कार्डाची तारीफ करायची. पण खरं बघता कार्डाशी त्याचं काहीच वाकडं नव्हतं. त्याला लागलं होतं ते ‘माझ्या’. रोज एका ताटलीतली बिस्किटं खाणारी बायको, हिने मला आधी का नाही सांगितलं? तो रागावला नव्हता. त्याला वाईट वाटलं होतं, आणि ते कुठे ठेवायचं ते त्याला कळत नव्हतं.

“रोख बाळगावी लागत नाही,” तो म्हणाला.

“आणि?”

“कापडवाल्याकडे चालेल.”

“कापडवाला कार्ड घेत नाही, दादा,” साहेब म्हणाली.

“मग नाही चालणार.”

“अरे, तू कार्डाच्या बाजूने आहेस!” अप्पा ओरडले. “मनापासून बोल!”

थोरल्याने डोकं खाजवलं. “गिऱ्हाईक आपल्याला महिन्याभराने पैसे देतं. आपण मात्र सगळ्यांना हातोहात द्यायचे. कार्ड असलं तर आपल्यालाही महिनाभर दम खाता येईल.” एवढं सलग बोलून तो स्वतःच दचकला.

“बरं आहे,” अप्पा म्हणाले. “पण सहाशेचा खड्डा भरत नाही. साहेब, आता तुझ्यावर.”

साहेब दाताच्या डॉक्टरच्या बाकावरून उठली. तिला बोलायला कधी वेळ लागत नाही, आज लागला. तिला कार्ड नको होतं याची तिची कारणं दोन. एक, ते खरंच टाकाऊ होतं. दुसरं, खातं वहिनीच्या नावावर गेलं तर आपला नंबर वहिनीच्या हाताखाली जाणार, हे तिला रुचलं नव्हतं. दुसरं कारण तिने स्वतःशीसुद्धा हळूच म्हटलं.

पण आता बाजूने बोलायचं होतं. ती कचेरीत करते तसं तिने केलं. माणूस काय म्हणतो ते सोडून द्यायचं. शहाण्या माणसाने असं का केलं असेल, ते शोधायचं.

“एक मिनिट,” ती म्हणाली. “वहिनीने आत्ता सगळे आकडे तोंडपाठ सांगितले. कागद हातात न घेता. शंभरची मर्यादा, पन्नासची सूट, सगळं. म्हणजे हे कार्ड आपल्याला परवडत नाही, हे तिला आधीपासून माहीत आहे.”

“मग आणलं कशाला?” धाकटा म्हणाला.

“तेच. फुग्यांना भुलणारी बाई नाही ही.” साहेब खुर्च्यांच्या रांगेतून चालायला लागली. “पॉइंट बाजूला ठेवा. पॉइंट गेले खड्ड्यात. कार्डावर आणखी काय असतं?”

“चिप,” धाकटा म्हणाला.

“नाव असतं रे.” ती थांबली. “बारा वर्षं बिल कोणी भरलं? वहिनीने. नोंद कोणाची झाली? अप्पांची. अप्पांना दर महिन्याला बँकेचं पत्र येतं, आपण विश्वासू ग्राहक आहात, कर्ज घ्या. अप्पा, त्याचं तुम्ही काय करता?”

“मागे मापं लिहितो.”

“बघा. ज्याला नको त्याच्या दारात उभे राहतात. आणि जिने भरलं, तिने उद्या स्वतःसाठी काही मागायचं ठरवलं, तर…” साहेबचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. तिच्या डोळ्यांपुढे कचेरीतलं तिचं टेबल आलं. मागच्या आठवड्यात एक बाई आली होती, शिवणयंत्र जळालेली. यंत्र तिचं, काम तिचं, पावती दिराच्या नावाची. साहेबने फाइलवर ‘पुरावा नाही’ असं लिहून बाईला परत पाठवलं आणि जेवायला गेली. नियमाने बरोबरच होतं. आता मात्र तिला आपली शरम वाटली.

“तर तिला कोणी ओळखणार नाही,” ती हळू आवाजात म्हणाली. “मीसुद्धा ओळखणार नाही. माझ्या टेबलाशी ती आली तर मी तिला परत पाठवीन. वहिनीला कशासाठी हवंय ते मला माहीत नाही, आणि आत्ता विचारायचंही नाही. पण जिला स्वतःच्या नावाने काही करायचंय, तिला हे कार्ड सहाशेच्या खड्ड्यासकट स्वस्त आहे. मी तर म्हणते, दुप्पट फी असती तरी घ्यावं.”

वहिनी तारेच्या एका सांगाड्याकडे बघत होती. हूं की चूं करायची नव्हती. मान हलवायची नव्हती. तिने श्वास धरून ठेवला, पण डोळे काही ऐकेनात.

“वहिनी, डोळे!” धाकटा ओरडला. “अप्पा, इशारा झाला! वर्षभर बंद!”

“काथ्याची धूळ आहे,” साहेब ताडकन म्हणाली. “माझ्याही डोळ्यांत गेलीय. तू गप बस.” 

धाकट्याचा उजवा पाय खटकन खाली गेला. वहिनीच्या बाजूने बोलणारी साहेब त्याने जन्मात पाहिली नव्हती.

*

“उत्तर दे, पोरी,” अप्पा म्हणाले. “तिने मोठा मुद्दा काढलाय. तुला तो पाडायचाय. आणि मनापासून.”

वहिनीने पदराने डोळे पुसले. तिला वाटलं, सांगावं, नाही पाडता येत. पण मग एक गोष्ट तिच्या लक्षात आली. हा मुद्दा पाडायला तिच्याकडे एकच खरं कारण होतं, आणि महिनाभर तेच तिला आतून कुरतडत होतं.

“उत्तर आहे,” ती म्हणाली. “नाव लागतं ते बाहेर काहीतरी काढायचं असेल तर. आणि या घरात कोणी बाहेर काही काढलं की सगळ्यांना वाटणार, ही वेगळी व्हायला निघाली. बारा वर्षं एका बिलात राहिलेली माणसं. त्यातलं एकजरी दुखावलं, एकाने जरी पाटीवरची जागा कोरी ठेवली, तर ते कार्ड फार महाग पडलं. त्यापेक्षा नको. खरंच नको.”

थोरला आता सरळ तिच्याकडे बघत होता. आपण जे शोधत होतो ते त्याला सापडलं होतं. हिने सांगितलं नाही, कारण ही भ्यायली होती. मला नाही, घराला. पण घरात मीही आलोच की, असं त्याला वाटलं.

अप्पा मात्र खाली फरशीकडे बघत बसले. त्यांना भाऊ आठवला. वीस वर्षांत त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, की काकांच्या दुकानाचं त्यांना दुःख नव्हतंच. दुकान चांगलंच होतं. दुःख याचं होतं की त्याने विचारलं नाही. आणि आज त्यांना पहिल्यांदाच वाटलं, त्याने विचारावं असं आपलं तोंड तरी होतं का? की तोही असाच घाबरला होता?

“आईसाहेब,” ते शेवटी म्हणाले. “निकाल.”

“आधी मला खाली घ्या. वरून काही सुचत नाही.” थोरल्याने दांडा दाबला. आई सावकाश खाली आल्या. “पॉइंट फुकाचे आहेत, ते आजच्या आज विसरा. तू नव्या फोनचंही विसर. पण कार्ड घ्यायचं. आणि फोनचं खातं उद्याच्या उद्या सूनबाईच्या नावावर करायचं.”

“आई!” वहिनी म्हणाली.

“थांब. आता पालट संपला. आता आपल्या तोंडाने बोल. काय काढायचंय तुला?”

वहिनीने एकदा नवऱ्याकडे बघितलं. त्याने मान हलवली. बोल, बोल.

“दिव्यांच्या शेडचं दुकान,” ती म्हणाली, आणि मग एकदम सगळंच बाहेर आलं. “चष्मेवालीचा पुढचा अर्धा गाळा. छोटासाच आहे, हात पसरले तर भिंती लागतात. कापड इथलंच नेणार, शिलाई इथेच करणार, सकाळचं इथलं काम सोडणार नाही. बँकेत कर्जाला गेले तर त्यांच्या पडद्यावर मी नाहीच. सहा महिने कार्ड भरलं तर देतील म्हणाले. मी वेगळी होत नाहीये, अप्पा. मी कुठेही जात नाहीये. पण मला हे माझं करून बघायचंय. खूप मनात आहे.”

“अगं मग मला तरी…” थोरला म्हणाला.

“चुकलंच माझं. तुमची तर मी माफी मागते.”

“माफी कसली. गाळ्याला फळ्या मी ठोकणार.”

“थांब रे,” अप्पांनी हात वर केला. त्यांचा चेहरा गंभीर होता. “कार्ड एक झालं. दुकान ही मोठी गोष्ट आहे. अशी उभ्या उभ्या ठरत नाही. त्याचा वेगळा पालट बसवावा लागेल.”

वहिनीला भीती होती तेच झालं. तिने तारेचा सांगाडा हातात घेतला.

“आत्ता नुसत्या बाजू वाटून घेऊ,” अप्पा म्हणाले. “सांगा. दुकानाच्या विरोधात कोण बोलणार?”

पालटाच्या नियमाने वहिनीला हात वर करायलाच हवा होता. पण तिच्या आधी थोरल्याचा गेला. तोंडात खिळे नसताना तो मोठ्याने बोलला, “मी. विरोधात.”

“मी,” साहेब म्हणाली. “कडाडून विरोधात.”

धाकट्याने दोन्ही हात वर केले. “मी दोनदा.”

“निकाल देणारीला बाजू घेता येत नाही, ठाऊक आहे मला,” आई म्हणाल्या. “तरी लिहून घ्या. मीही विरोधातच.” 

वहिनीचा हात वर जाता जाता मध्येच थांबला. थोरल्याने तो खालून धरला आणि वर नेला.

उरले अप्पा. त्यांचा उजवा खांदा दुखतो, हात कानाच्या वर जात नाही. त्यांनी डाव्या हाताने उजव्याला आधार दिला आणि तो जितका जाईल तितका वर उचलला.

“अप्पा,” वहिनी म्हणाली. “मग बाजूने बोलायला राहिलं कोण?”

अप्पांनी सगळ्या खुर्च्यांवरून नजर फिरवली, रिकाम्यासुद्धा सोडल्या नाहीत.

“कोणीच नाही,” ते म्हणाले. “मग पालट काही बसत नाही. गाळा बघायला कधी जायचं?”